गाणे गुन्हेगार, गायक उमेदवार

जानेवारी २०२५ मध्ये बिहारच्या पोलीस मुख्यालयाने सर्व जिल्ह्यांच्या पोलीस अधीक्षकांना एक पत्र धाडले. बस, ट्रक, ऑटोरिक्षा, लग्नाच्या वराती, उत्सवांचे मंडप अशा सार्वजनिक ठिकाणी अश्लील व द्व्यर्थी भोजपुरी गाणी वाजविणाऱ्यांवर गुन्हे दाखल करावेत, असा त्याचा आशय होता. या गाण्यांमुळे स्त्रियांना असुरक्षित वाटते आणि मुलांवर अनिष्ट परिणाम होतो, असे कारण त्यासाठी देण्यात आले. कारण खोटे नव्हते. पाटण्याहून छपरा किंवा सिवानकडे जाणाऱ्या खासगी बसमधून ज्या स्त्रीने दोन-चार तास प्रवास केला असेल, तिला ते पटण्यासाठी कोणत्याही पाहणी अहवालाची गरज भासणार नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बिहार विधानसभेची निवडणूक झाली. भोजपुरी गाण्यांच्या बाजारातील दोन सर्वांत मोठी नावे त्या निवडणुकीत दोन प्रतिस्पर्धी आघाड्यांकडे वाटली गेली होती. खेसारीलाल यादव छपरा मतदारसंघातून राष्ट्रीय जनता दलाचे उमेदवार होते. पवनसिंह निवडणुकीच्या तोंडावर भारतीय जनता पक्षात परतले आणि पक्षाच्या प्रमुख प्रचारकांत जाऊन बसले. दोघांच्याही गाण्यांवर अश्लीलतेचे आक्षेप वर्षानुवर्षे घेतले जात आहेत. म्हणजे ज्या राज्यात असे गाणे मोठ्याने वाजविणाऱ्या ऑटोचालकावर गुन्हा नोंदविला जायचा होता, त्याच राज्यात अशाच गाण्यांनी घडविलेल्या लोकप्रियतेसाठी दोन्ही बाजूंनी पायघड्या घातल्या जात होत्या. यात विसंगती आहे असे कोणत्याही पक्षाच्या कार्यालयात कोणाला वाटले नाही.

पवनसिंहांचे प्रकरण तर अधिक बोलके आहे. मार्च २०२४ मध्ये भाजपने लोकसभेसाठी त्यांना पश्चिम बंगालमधील आसनसोलची उमेदवारी जाहीर केली. बंगाली स्त्रियांविषयीची त्यांची जुनी गाणी आणि त्यांचे व्हिडिओ तृणमूल काँग्रेसने तत्काळ बाहेर काढले आणि दुसऱ्याच दिवशी पवनसिंहांनी माघार घेतली. पुढे ते बिहारमधील काराकाट येथून अपक्ष उभे राहिले, पक्षाने त्यांना काढून टाकले, तरीही मतमोजणीत ते दुसऱ्या क्रमांकावर राहिले आणि रालोआचे उमेदवार उपेंद्र कुशवाहा तिसऱ्या क्रमांकावर ढकलले गेले. दीड वर्षाच्या आत पक्षाची दारे त्यांच्यासाठी पुन्हा उघडली. जी गाणी आसनसोलमध्ये अडचणीची ठरली, ती काराकाटमध्ये आड आली नाहीत. गाणी तीच होती, फक्त ती ज्यांच्याविषयी होती त्या स्त्रिया काराकाटच्या मतदार नव्हत्या.

उत्तेजक म्युझिक व्हिडिओचा समाजावर काय परिणाम होतो, हा प्रश्न आपल्याकडे गेली दोन दशके याच दुहेरी हिशेबाने विचारला जात आहे. संसदेत, विधानसभेत आणि महिला आयोगांच्या बैठकांत तो संस्कृतीचा प्रश्न असतो आणि तिकीटवाटपाच्या बैठकीत तो गर्दीचा प्रश्न होतो.

या वादाचा आधुनिक आरंभ २००२ मध्ये शोधता येतो. १९७२ च्या 'समाधी' या चित्रपटातील लता मंगेशकरांच्या गाण्याचे 'कांटा लगा' हे रीमिक्स त्या वर्षी बाजारात आले आणि त्याच्या व्हिडिओने देशभर खळबळ उडविली. पाठोपाठ रीमिक्सची लाट आली. जुन्या गीतकार-संगीतकारांचा संताप, पालकांच्या तक्रारी, मंत्र्यांचे इशारे असे सर्व यथासांग पार पडले. व्हिडिओत नाचलेली शेफाली जरीवाला तेव्हा महाविद्यालयीन विद्यार्थिनी होती. या कामाचे आपल्याला सात हजार रुपये मिळाले, असे तिने पुढे मुलाखतींतून सांगितले. जून २०२५ मध्ये तिचे निधन झाले तेव्हाही वृत्तपत्रांनी तिची ओळख त्याच एका गाण्याने करून दिली. कंपनीला मिळालेला पैसा आणि त्या मुलीच्या वाट्याला आलेली टीका यांचे प्रमाण पाहिले, तर या धंद्याची रचना पुरेशी स्पष्ट होते.

ही लाट नीतिमत्तेच्या ऱ्हासातून आली, असे तेव्हा सर्रास लिहिले गेले. वस्तुतः तिच्या मुळाशी एक कायदेशीर फट होती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२(१)(जे) नुसार मूळ ध्वनिमुद्रणास दोन वर्षे उलटल्यावर, ठरावीक रक्कम भरून व नोटीस देऊन, कोणालाही त्या गाण्याची नवी आवृत्ती काढता येत असे. कॅसेटच्या काळात याच तरतुदीच्या आधारे स्वस्त 'व्हर्शन' गाण्यांचा प्रचंड व्यवसाय उभा राहिला होता. रीमिक्स हा त्याचाच पुढचा टप्पा. तयार लोकप्रिय चाल जवळजवळ फुकट मिळत होती, खर्च करायचा तो केवळ व्हिडिओवर. साहजिकच चाल सर्वांची सारखी असताना स्पर्धा कपड्यांच्या लांबीवर येऊन ठेपली. २०१२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, हे कलम वगळून ३१-सी आणले गेले, दोन वर्षांची मुदत पाच वर्षांवर गेली आणि मूळ गाण्यात फेरफार करण्यास मनाई झाली. ही दुरुस्ती गीतकार व संगीतकारांच्या हक्कांसाठी होती. अश्लीलतेचा तिच्याशी काही संबंध नव्हता. परंतु फुकट चालीच्या धंद्याला तिने जो लगाम घातला, तो दहा वर्षांच्या नैतिक ओरडीला घालता आला नव्हता.

दरम्यान सरकारने आपल्या परीने दारे लावून घेतली होती. मुंबईतील एका प्राध्यापिकेने केबलवरील प्रौढांसाठीच्या चित्रपटांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, न्यायालयाने कडक आदेश दिले आणि २००६ मध्ये केबल दूरचित्रवाणी नियमांत दुरुस्ती होऊन सर्वांसाठी योग्य असे प्रमाणपत्र नसलेला कोणताही चित्रपट, चित्रपटगीत वा म्युझिक व्हिडिओ केबलवर दाखविण्यास बंदी आली. पुढच्या वर्षी माहिती व प्रसारण मंत्रालयाने एफटीव्ही ही वाहिनी दोन महिने बंद ठेवली. कागदावर हा बंदोबस्त चोख होता. मात्र ज्या २००६ मध्ये दिल्लीत हे नियम राजपत्रात छापले गेले, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गुगलने यूट्यूब ही अवघ्या दीड वर्षाची कंपनी १६५ कोटी डॉलरना विकत घेतल्याची घोषणा झाली. सरकार पुढच्या दाराला कुलूप लावत असताना घराची मागची भिंतच नाहीशी होत होती. २०१६ च्या सप्टेंबरात जिओच्या आगमनानंतर मोबाइलवरील डेटा इतका स्वस्त झाला की, पूर्वी गावच्या दुकानातून दहा-वीस रुपयांत मेमरी कार्डावर भरून घेतली जाणारी गाणी थेट हातात येऊ लागली. प्रमाणपत्राची अट आजही आहे, पण ती केबलपुरतीच.

डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या सामूहिक बलात्काराने या चर्चेला वेगळी धार आणली. यो यो हनी सिंग याच्या नावावर असलेल्या, स्त्रीवरील हिंसेचे उघड वर्णन करणाऱ्या एका जुन्या गाण्याविरुद्ध मोहीम सुरू झाली, नववर्षाच्या पूर्वसंध्येचा त्याचा गुडगावमधील कार्यक्रम रद्द झाला आणि लखनौत गुन्हा नोंदविला गेला. ते गाणे आपण गायिलेच नाही, असा त्याचा खुलासा होता. संतप्त जनतेला एक चेहरा हवा होता आणि तो मिळाला. ते स्वाभाविकही होते. परंतु त्याच सुमारास नेमलेल्या न्या. जगदीशसरण वर्मा समितीने २९ दिवसांत जो अहवाल दिला, त्याचे वजन गाण्यांवर नव्हते. पोलिसांचे उत्तरदायित्व, विवाहांतर्गत बलात्कार, लष्कराला असलेले विशेष संरक्षण, गंभीर गुन्ह्यांचे आरोप असलेल्या लोकप्रतिनिधींची अपात्रता हे त्यातील कळीचे विषय होते. विवाहांतर्गत बलात्काराचा अपवाद रद्द करण्याची शिफारस तेव्हाच्या सरकारने स्वीकारली नाही आणि २०२४ मध्ये लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो अपवाद कायम आहे. गाण्यावर संतापणे त्या मानाने स्वस्त असते, कारण त्यात कोणत्याही सरकारला काही सोडावे लागत नाही.

पंजाबमध्ये हा प्रश्न शरीरापेक्षा शस्त्राभोवती फिरतो. बंदूक, जीप, जमीन आणि बिरादरीचा अभिमान यांचे मिश्रण असलेल्या व्हिडिओंनी तेथील तरुणांना वेड लावले. चंडीगडमधील एका प्राध्यापकाच्या याचिकेवर जुलै २०१९ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने दारू, अमली पदार्थ व हिंसेचे उदात्तीकरण करणारी गाणी जाहीर कार्यक्रमांत वाजू देऊ नयेत, असे निर्देश दिले. सिद्धू मूसेवाला याच्यावर २०२० मध्ये शस्त्रांचे उदात्तीकरण केल्याबद्दल गुन्हे दाखल झाले. तेव्हा राज्यात काँग्रेसचे सरकार होते. डिसेंबर २०२१ मध्ये त्याच काँग्रेसने त्याला समारंभपूर्वक पक्षात घेतले आणि मानसातून उमेदवारी दिली. तो हरला. २९ मे २०२२ रोजी त्याची हत्या झाली. आदल्याच दिवशी आम आदमी पक्षाच्या सरकारने त्याच्या सुरक्षेत कपात केली होती.

या हत्येनंतर टीकेचा भडिमार झालेल्या भगवंत मान सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये शस्त्रांचे गौरवीकरण करणाऱ्या गाण्यांवर आणि शस्त्रांच्या जाहीर प्रदर्शनावर बंदी घातली. या आदेशात शस्त्रपरवान्यांचा तीन महिन्यांत फेरआढावा घेण्याचा भाग खरा मोलाचा होता. देशाच्या लोकसंख्येत पंजाबचा वाटा जेमतेम सव्वादोन टक्के आणि परवानाधारक शस्त्रांमधील वाटा त्याच्या कितीतरी पट. हे परवाने कोणा गायकाने वाटलेले नाहीत, ते अकाली, काँग्रेस अशा सर्वांच्या राजवटीत जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी दिलेले आहेत. ते काढून घेणे म्हणजे गावोगावच्या वजनदार मंडळींना दुखावणे. पोलिसांनी मग सोपा मार्ग धरला आणि समाजमाध्यमांवरील छायाचित्रे शोधून गुन्हे नोंदविण्याचा सपाटा लावला. अमृतसर ग्रामीण पोलिसांनी खेळण्यातील बंदुकीसह काढलेल्या छायाचित्रावरून दहा वर्षांच्या मुलाचे नाव गुन्ह्यात घातले तेव्हा सर्वत्र हसे झाले. तो गुन्हा रद्द करावा लागला आणि छायाचित्रे स्वतःहून काढून टाकण्यासाठी नागरिकांना तीन दिवसांची मुदत देण्यात आली. शेजारच्या हरियाणात २०२५ मध्ये अशीच मोहीम निघाली. अनेक गाणी यूट्यूबवरून हटविण्यात आली आणि आपलीच गाणी निवडून लक्ष्य केली जात असल्याची तक्रार मासूम शर्मा या गायकाने केली.

मग गाण्यांचा परिणाम होतच नाही काय? होतो. परंतु एखाद्या तरुणाने व्हिडिओ पाहिला आणि उठून गुन्हा केला, अशा सरळ रेषेत तो शोधणे व्यर्थ आहे. तीच पंजाबी गाणी कॅनडातील ब्रॅम्प्टनमध्येही तितक्याच आवडीने ऐकली जातात, पण लग्नात हवेत गोळीबार करण्याची प्रथा तेथे रुजलेली नाही. भटिंडा जिल्ह्यातील मौर मंडीत डिसेंबर २०१६ मध्ये लग्नसमारंभात व्यासपीठावर नाचणारी तरुणी पाहुण्याच्या गोळीने ठार झाली. तेथे गाणे होते, दारू होती, परवान्याची बंदूक होती आणि पैसे देऊन आणलेली स्त्री आपलीच आहे ही समजूत होती. यातील गाणे वजा केले तरी बाकीच्या तीन गोष्टी उरतात. गाण्याचा वाटा इतकाच की, ती समजूत ते सार्वजनिक करते, तिला ठेका देते आणि विरोध करणाऱ्या स्त्रीला रसहीन ठरविते. घरात एकट्याने मोबाइलवर पाहिलेल्या व्हिडिओपेक्षा बसमध्ये चाळीस माणसांच्या देखत वाजलेले गाणे म्हणूनच अधिक घातक असते. तेथे ऐकायचे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार त्या स्त्रीकडे नसतो.

कायदा याबाबतीत कुठे उभा आहे, हे पाहणे उद्बोधक ठरेल. बिहार पोलिसांनी ज्या तरतुदीचा आधार घेतला, ते न्याय संहितेचे कलम २९६ हे मूळच्या दंड संहितेतील २९४ व्या कलमाचाच नवा अवतार आहे. सार्वजनिक ठिकाणी इतरांना त्रास होईल अशा रीतीने अश्लील गाणे म्हणणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, असे त्याचे स्वरूप. वसाहतकाळात रस्त्यावर गाणाऱ्या माणसासाठी केलेली ही तरतूद आज ध्वनिक्षेपक लावणाऱ्या चालकाला लागू केली जाते. गाणे लिहिणारा, गाणारा आणि प्रसृत करणारी कंपनी तिच्या कक्षेत सहसा येत नाही. जाहिरातीच्या उत्पन्नातील ४५ टक्के वाटा सर्वसाधारण करारानुसार स्वतःकडे ठेवणारे यूट्यूब तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ नुसार मध्यस्थ ठरते आणि श्रेया सिंघल प्रकरणातील २०१५ च्या निकालानुसार न्यायालयाचा वा सरकारचा आदेश मिळेपर्यंत त्याच्यावर जबाबदारी येत नाही. शिवाय अश्लील कशाला म्हणावे, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २०१४ पासून समकालीन समाजमानकांवर सोपविला आहे आणि मार्च २०२४ च्या निकालात असभ्य भाषा म्हणजे अश्लीलता नव्हे, असेही स्पष्ट केले आहे. हे निकाल योग्य आहेत. मात्र त्यामुळे द्व्यर्थी गाण्यावरील बहुतेक खटले न्यायालयात टिकत नाहीत, हेही खरे.

सरकारला मनात आणले तर गाणे हटविता येत नाही, असे मात्र नाही. मूसेवालाच्या मृत्यूनंतर २३ जून २०२२ रोजी 'एसवायएल' हे त्याचे गाणे प्रसिद्ध झाले. सतलज-यमुना कालवा, पंजाबचे पाणी आणि शीख कैदी हे त्याचे विषय. सरकारी तक्रारीवरून तीन दिवसांत ते भारतातील यूट्यूबवरून नाहीसे झाले. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६९-ए हे संकेतस्थळावरील मजकूर रोखण्याचे सर्वांत धारदार हत्यार आहे आणि त्यात देशाची अखंडता, संरक्षण, सार्वजनिक सुव्यवस्था अशी कारणे आहेत. सभ्यता वा स्त्रीची प्रतिष्ठा हे कारण त्यात नाही. जुलै २०२५ मध्ये २५ ओटीटी ॲप बंद करताना सरकारला म्हणूनच अन्य कलमांची मोट बांधावी लागली.

उत्तर प्रदेशातील उदाहरण याहून लहान आणि अधिक नेमके आहे. नेहा सिंह राठोड ही भोजपुरी गायिका अश्लील गाण्यांविरुद्ध सातत्याने बोलत आली. फेब्रुवारी २०२३ मध्ये कानपूर देहात जिल्ह्यात अतिक्रमणविरोधी कारवाईदरम्यान एका आई व मुलीचा जळून मृत्यू झाला. त्यावर राठोड यांनी उपरोधिक गाणे केले आणि काही दिवसांतच पोलीस नोटीस घेऊन दारी आले. समाजात वैमनस्य पसरत असल्याचा ठपका होता. भोजपुरीतील अश्लीलता रोखणारा कायदा करावा, अशी मागणी गोरखपूरचे भाजप खासदार व अभिनेते रविकिशन यांनी २०२१ मध्येच केली होती. तो कायदा अद्याप झालेला नाही. नोटीस बजावण्यासाठी मात्र नव्या कायद्याची वाट पाहावी लागली नाही.

२०२५ च्या बिहार प्रचारात राजदसमर्थक गाण्यांतील कट्ट्याचे उल्लेख पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी सभांमधून वाचून दाखविले आणि 'जंगलराज'ची आठवण करून दिली. टीका वाजवी होती. पण प्रचारगीतात कट्टा येतो कारण बाजारात कट्ट्याचे गाणे चालते, आणि बाजारातील गायक कोणत्या ना कोणत्या पक्षाच्या व्यासपीठावर असतोच. दिल्लीत भोजपुरी लोकप्रियतेचे रूपांतर पूर्वांचली मतांत कसे करायचे, हे मनोज तिवारी यांनी २०१४ पासून तीन वेळा लोकसभा जिंकून दाखविले आहे. हे सूत्र आता प्रत्येक पक्षाला ठाऊक झाले आहे. अशा स्थितीत कलम २९६ खालील ऑटोचालक हाच सर्वांच्या सोयीचा आरोपी ठरतो.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. २००५ मध्ये डान्सबारवर बंदी आली, तेव्हा भाषा तरुण पिढीच्या रक्षणाचीच होती. तारांकित हॉटेलांना त्यातून सूट होती. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती बंदी रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये त्या निकालावर शिक्कामोर्तब केले, परंतु दरम्यानच्या आठ वर्षांत काम गेलेल्या हजारो मुलींचे काय झाले, याचा हिशेब कोणत्याही सरकारने मांडला नाही.

बिहारमध्ये अशा मुली 'आर्केस्ट्रा'त असतात. यूट्यूबवरच्या व्हिडिओत जे पाटणा वा नोएडातील स्टुडिओत चित्रित होते, त्याचीच नक्कल लग्नाच्या हंगामात गावोगावच्या व्यासपीठांवर करावी लागते. भिखारी ठाकूर यांच्या काळात सारण परिसरातील नाचात स्त्रीची भूमिका पुरुषच करीत. आता तेथे बंगाल, ओडिशा, नेपाळ येथून कामाचे आमिष दाखवून मुली आणल्या जातात. २०२५ मध्ये सारण पोलिसांनी छाप्यांमागून छापे घालून आर्केस्ट्रा पथकांतून कितीतरी अल्पवयीन मुलींची सुटका केली आणि पाटणा उच्च न्यायालयानेही राज्य सरकारकडे याबाबत विचारणा केली. या मुलींसाठी लागणारा कायदा मानवी तस्करीचा, बालकांच्या संरक्षणाचा आणि पथकांच्या नोंदणीचा आहे. अश्लील गाण्यांविरुद्धच्या पत्रात बस होती, ट्रक होता, ऑटोरिक्षा होती. व्यासपीठावर नाचणारी मुलगी कोठून आणली, हा प्रश्न त्यात नव्हता. छपरा हे याच सारण जिल्ह्याचे मुख्यालय.